टाकीमागे आम्ही दोघं

३ फेब्रुवारी, सोमवार

सोडली!

उरलेलं पाकीट आधी पाण्यात बुडवलं, मग पिशवीत बांधलं, मग कचरा स्वतः खाली नेऊन टाकला. नुसतं डब्यात टाकून भागलं नसतं. मी मला ओळखते.

आणि हे आधीच लिहून ठेवते – माझ्यासाठी नाही सोडलेली. एवढी शहाणी मी कधीच नव्हते. बाबांसाठी सोडली. बाबा म्हणजे माझे सासरे. आज सकाळी त्यांना घशाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले होते. आवाज कधीपासूनचा बसलाय. बाईंनी नळी घालून पाहिलं – स्वरयंत्रावर गाठ आहे, काढायला हवी. महिनाअखेरची तारीख दिली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "सिगारेट आजपासून बंद. हळूहळू वगैरे नाही, एकदम. ओढत राहिलात तर मी ऑपरेशन करणार नाही. जखम भरत नाही मग, सगळी मेहनत पाण्यात."

बाबांनी विचारलं, "आवाज राहील?"

"कमी होईल. किती, ते आत गेल्यावर कळेल."

परत येताना बाबा आमच्या जिन्यात थांबले आणि म्हणाले, "मला एकट्याला नाही गं जमायचं." आणि माझी जीभ! ती माझ्या आधी धावते. म्हणून गेले, "मग दोघं सोडू."

मी ओढते हे घरात कोणालाच माहीत नाही. नवऱ्यालाही नाही. फक्त बाबांना. लग्न होऊन आले त्याच वर्षी एका संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे चोरून गेले, तर तिथे हे आधीच चोरून आलेले! दोघंही पळायच्या बेतात. शेवटी तेच म्हणाले, "काडेपेटी आहे का तुझ्याकडे?" तेव्हापासून टाकीमागची जागा आमची.

सासूबाईंना सिगारेटचं नाव काढलेलंसुद्धा चालत नाही. बाबा ओढतात हे त्यांना माहीत होतं, पण डोळ्यांसमोर नको. आता बाबांनी सगळ्यांदेखत सोडली, सगळे त्यांचं कौतुक करणार. माझी मात्र गुपचूप ओढलेली, ती गुपचूपच सोडायची. चिडचिड करायचीही सोय नाही!

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं ठणकतंय. सगळ्यांचा राग येतोय. नवरा चहात साखर ढवळतो त्या आवाजाचासुद्धा!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात आज शोभा झाली. चष्म्याच्या दुकानात काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाक आणायचं, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, नोजपॅड वाकवायचे, कानामागची काडी गरम करून वळवायची. इतकी वर्षं हे तोंडात लवंग धरून केलं, कोणाला वास येऊ नये म्हणून. आता लवंग आहे आणि लपवायला काही नाही. आणि हात! एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू बसवताना तीनदा पडला. तिसऱ्यांदा टेबलाखाली शिरले ती तिथेच बसून राहिले. मालक वाकून म्हणाले, "सापडला का?" म्हटलं, "सापडला. जरा बसते."

जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराशी, रोजच्या जागी जाऊन उभी राहिले. हातांना काही काम नाही. छातीत कोणी बोट अडकवून ओढतंय असं वाटत होतं. बाबांना फोन लावला.

"बाबा, आली."

"आली का? थांब." आणि त्यांनी फोनवर श्वास घेतला.

हे नीट लिहून ठेवायला हवं. बाबा जन्मभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता, नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा. त्यांची एक पद्धत होती. लगेच शब्द द्यायचा नाही. आधी श्वास द्यायचा – दातांतून, स्स् करून, नटाला ऐकू जाईल एवढा आणि पहिल्या रांगेला जाणार नाही एवढा. पुष्कळदा तेवढ्यावरच नटाला आठवतं. आणि त्याच्याही आधी ओळखायचं, हा खरंच अडलाय की मुद्दाम थांबलाय. विसर आहे की विराम. "विरामात शब्द दिलास," बाबा म्हणतात, "तर तो नट पुढचे सगळे दौरे तुझ्याशी बोलत नाही."

तलफेला त्यांनी हेच औषध लावलंय. आली की फोन करायचा. बोलायचं काही नाही. एकाने श्वास द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा, आणि थांबायचं. थांबलं की जाते. खरंच जाते! परत येते, ते वेगळं.

मालक विचारत होते, "फोनवर असतं कोण? बोलत तर कोणीच नाही."

९ फेब्रुवारी, रविवार

आईंनी – सासूबाईंना मी आईच म्हणते – माझा चेहरा पाहून परस्पर निकाल लावलाय. त्यांच्या मुलाने मला काहीतरी केलंय!

आई एके काळी बाबांच्याच कंपनीत नायिका होत्या. काम सोडून जमाना झाला, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. स्वयंपाकघरात मुलाला हळूच विचारत होत्या, ते समोरच्या इमारतीतल्यांनीही ऐकलं.

"तिला काय केलंस रे?"

"मी? मी काही नाही केलं!"

"काहीच करत नाहीस, तेच तर!"

दुपारभर बिचारा नळाशी झटत होता. तो गळका नळ आम्ही सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकला होता. आता गळत नाही. हात पुसत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अजून काही?"

इतका चांगला आहे हा माणूस. आणि मी सकाळी त्याच्यावर टॉवेल फेकला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कपाटाचं दार दुरुस्त झालं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नाक उघडलं! एकदम, सकाळी, जिना उतरताना. ओल्या सिमेंटचा वास, कुणाच्या तरी घरातल्या भाजलेल्या कांद्याचा, नवऱ्याच्या मानेला साबणाचा. तिथे जरा जास्तच वेळ नाक ठेवलं तर तो घाबरला. "काय झालं?" म्हटलं, काही नाही, छान वास येतोय. दिवसभर खूश होता.

पण दुकानात एक म्हातारे गृहस्थ फ्रेम सैल झाली म्हणून घेऊन आले. हातात घेतली मात्र – सगळी धुराने भरलेली! काडी वळवायला लागतात दोन मिनिटं, मी कितीतरी वेळ घेतला. तोंडाजवळ धरून तपासत होते. मालक म्हणाले, "फार बारकाईने बघताय." काय सांगू त्यांना!

बाबांचं उलट. त्यांना दिवसभर भूक. शेंगदाण्याची बरणी रिकामी झाली. आई ओरडल्या, पण संध्याकाळी स्वतःच भरून ठेवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज फार जवळून गेलं.

संध्याकाळी गच्चीवर गेले, नुसती सवयीने. तर बाबा टाकीमागे, ओठात सिगारेट! पेटवलेली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "नुसती धरलीय." जुन्या कोटाच्या खिशात सापडली म्हणे. इतकी वाळलेली की कागदातून भुगा गळत होता. आणि मला – खोटं कशाला लिहू – ती हिसकावून स्वतः पेटवावीशी वाटली! दोघं तिच्याकडे बघत उभे. मग बाबांनी श्वास दिला, मी घेतला, आणि त्यांनी ती फुटक्या कुंडीत चुरून टाकली. त्या कुंडीतलं झाड आमचीच राख खाऊन वाढलेलं आहे, त्याला काही नवल वाटलं नसेल.

हात झटकत म्हणाले, "ऑपरेशनची भीती नाही मला. बोलायचं राहून जाईल, त्याची आहे."

"कोणाशी?"

"तुझ्या सासूशी. तिने काम का सोडलं, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतंच. घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. एका प्रयोगात आई शेवटच्या प्रवेशात अडल्या, आणि विंगेतून शब्दच आला नाही. बाबा बाहेर सिगारेट ओढत होते. पडदा पाडावा लागला. आई परत कधी रंगमंचावर चढल्या नाहीत.

"मी बाहेर नव्हतो," बाबा म्हणाले.

"मग कुठे होतात?"

त्या प्रवेशात नायिका घर सोडून निघते. दाराशी वळून म्हणते, "जाते मी. पण – दार लावून घेऊ नका." त्या 'पण'पुढे तालमीत छोटासा विराम ठरलेला. त्या दिवशी आई 'पण' म्हणाल्या आणि थांबल्या. बाबा विंगेत, संहिता उघडी, बोट ओळीवर. "आणि काय थांबली गं ती! सगळं नाट्यगृह गप्प. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हटलं, काय विराम घेतलाय बाईने! इतकं चांगलं काम मी कोणाचंच पाहिलं नव्हतं. मी तिथे कशासाठी उभा आहे तेच विसरलो." प्रेक्षकांतून शिट्टी आली तेव्हा कळलं, विराम नव्हता, ती अडली होती. उजेडातून विंगेतलं काही दिसत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. त्या दिवशी तो आला नाही.

"आत आली तर माझ्या शर्टाला वास. मध्यंतरात ओढलेली. म्हणाली, बाहेर होतात ना? मी मान हलवली."

"पण का बाबा?"

"प्रॉम्प्टर प्रेक्षकासारखा नाटक बघत राहिला! कंपनीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यापेक्षा सिगारेट परवडली." मग जरा वेळाने, "तसं मी तिला कधीच चांगलं म्हटलं नाही. प्रयोग संपला की विचारायची, कसं झालं? मी सांगायचो, दुसऱ्या अंकात दोनदा अडखळलीस."

आवाज इतका बसला होता की शेवटचं मला ओठांवरूनच कळलं. म्हटलं, "सांगून टाका. आजच." म्हणाले, सांगतो.

जिना उतरताना मी रडले. हल्ली कशानेही रडू येतं, पण हे त्यातलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अजून सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना बाबांनी घसा साफ केला. आईंकडे पाहिलं. "मला तुला एक –"

"पाणी हवंय का?"

"हो."

दोन पेले प्यायले आणि उठले! मी ताटात बघून दात आवळले.

नवऱ्याने आज माझी छत्री दुरुस्त केली. ती मोडलेली नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

भांडले बाबांशी. टाकीमागेच. म्हटलं, "लोकांना शब्द पुरवण्यात जन्म घालवलात आणि स्वतःचं एक वाक्य निघत नाही तोंडातून? आवाज आहे तोवर बोला की!" फार लागेल असं बोलले. सिगारेट असती तर तिच्याबरोबर निम्मा राग निघून गेला असता, आता सगळाच्या सगळा तोंडातून येतो.

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "विंगेतून बोलायची सवय गं. समोर उभं राहून नाही जमत."

मग मलाच लाज वाटली. खाली येऊन त्यांच्यासाठी शेंगदाणे भाजले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उद्या. डॉक्टरबाईंनी आज पुन्हा तपासलं. "शाबास! एकही नाही?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंना वाटलं, मी पहारा ठेवला. आई शेजारीच बसल्या होत्या. मी छताकडे पाहिलं.

आईंनी बाबांची पिशवी भरली – पाटी, खडू, मऊ शाल, आणि शेंगदाण्याची पुडी, जी त्यांना खाता येणारच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आत नेताना चाकांच्या खाटेवरून बाबांनी आईंकडे पाहिलं. तोंड उघडलं. श्वास घेतला. मी मनात म्हटलं, बोला, बोला! वॉर्डबॉयने खाट वळवली आणि दार लागलं.

बाकावर आई आणि मी. नवरा औषधं आणायला खाली गेलेला. खिडकीतून रस्त्यापलीकडची टपरी दिसत होती. तिथे एक माणूस निवांत धूर सोडत उभा. आणि मला ती आली – अशी, की पहिल्या दिवशीसुद्धा आली नव्हती. फोन कोणाला करणार? श्वास देणारा आत, भूल देऊन झोपवलेला. उठले. बसले. परत उठले.

आई समोर बघत म्हणाल्या, "जा. ओढून ये."

मी दगड झाले.

"इतकी वर्षं गच्चीवरून दोघं उतरता, दोघांना एकच वास. मी म्हातारी झाले, नाक नाही झालं. आणि आता दोघांचाही वास एकदमच गेलाय." मग आवाज बदलला. "जा तू. ऐन वेळेला बाहेर असायची पद्धतच आहे आपल्या घरात."

ते शेवटचं मला झोंबलं. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. सांगणं माझं नव्हतं, त्यांचं होतं, मला माहीत आहे. पण ते त्या दाराआड होते आणि कसा आवाज घेऊन परत येणार कोणास ठाऊक. मी खाली बसले. दातांतून श्वास घेतला. आणि म्हटलं, "आई, बाबा बाहेर नव्हते."

सगळं सांगितलं. उघडी संहिता, ओळीवरचं बोट, काय थांबली गं ती – सगळं, त्यांच्याच शब्दांत.

आईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला. तो मीच बसवून दिलाय, काचा स्वच्छ होत्या. मग बराच वेळ तो हातात धरून बसल्या. मी हळूच त्यांच्या खांद्याला खांदा लावला, त्यांनी तो काढून घेतला नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. नीट झालं. गाठ तपासायला पाठवलीय. बोलायला पूर्ण बंदी.

टपरीची आठवण मला घरी आल्यावर झाली.

२ मार्च, रविवार

बाबा घरी आले. पाटी गळ्यात अडकवल्यासारखे फिरतात. आईंनी त्यांचं सगळं केलं – पेज, गोळ्या, उशी – पण त्या विषयावर एक अक्षर नाही. फार शांत आहेत. बाबांनी पाटीवर मला लिहून विचारलं, "हिला काय झालंय?" मी पाटी पुसून टाकली. धीर झाला नाही.

नवऱ्याला मात्र सांगून टाकलं. माझं सगळं – टाकी, लवंग, फोन. त्याने ऐकून घेतलं. विचार केला. "म्हणजे मी नळ उगाच दुरुस्त केला?"

मग मला जवळ घेतलं आणि डोक्याचा वास घेतला. म्हणाला, आता नाही येत.

५ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला. गाठ साधी आहे! साधी! नवरा आणि मी दुकानासमोर रस्त्यात नाचलो, मालक काचेतून बघत होते. आवाज किती परत येईल ते डॉक्टरबाई अजून सांगत नाहीत.

आईंनी रिपोर्ट वाचला, घडी करून ठेवला, आणि गच्चीवर गेल्या. एकट्याच. खूप वेळाने आल्या.

९ मार्च, रविवार

संध्याकाळी आई कप विसळत होत्या. बाबा खुर्चीत, नवरा पेपरात, मी शेंगा सोलत होते. आईंनी नळ बंद केला, हात पुसले, दाराशी गेल्या आणि वळल्या. तो आवाज मी या घरात कधीच ऐकला नव्हता.

"जाते मी. पण –"

आणि थांबल्या. नवऱ्याच्या हातातला पेपर तसाच राहिला. बाबा खुर्चीतून पुढे झुकले आणि त्यांनी श्वास दिला. दातांतून, स्स्, खोलीभर ऐकू गेला.

आईंनी सावकाश त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, घाई काय एवढी? विराम होता तो."

मग पुढचं वाक्य म्हटलं. बाबांनी मांडीवरची पाटी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवत होते.